परातींच्या उजेडातला फोटो

"अब्बा, तुम्ही एवढे फोटो काढले, पण त्यांत एकसुद्धा बाई कशी काय नाही?"

रशिदानं हे एका दमात विचारून टाकलं आणि चोरून दाराकडं बघितलं. दाराआड तिच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या, सगळ्यांत पुढं शेवंता. शाळेतून येताना त्यांनीच तिला डिवचलं होतं. "विचारून दाखव की अब्बांना! हाय का छाती?" शेवंता म्हणाली होती. छाती होती. नुकतीच आलेली होती म्हणा, पण होती! शाळेच्या भाषणांत पहिला नंबर आल्यापासून ही मुलगी कुणालाही काहीही विचारत सुटली होती.

अब्बा भाकरी खात होते. घास हातातच राहिला.

आणि मित्रांनो, समोरच्या खुंटीवर लटकलेला मी मात्र चांगलाच दचकलो. कारण ते सगळे फोटो माझ्याच पोटातून बाहेर आलेले! मला तरी हा प्रश्न आजवर कधी पडला होता का? नव्हता.

मी म्हणजे एक म्हातारा डबा-कॅमेरा. खोक्यासारखं चौकोनी अंग, त्यावर काळं चामडं, पुढं एकच डोळा. माझ्या पाठीला एक लहानशी लाल खिडकी आहे, तिच्यातून आतल्या रोलचे आकडे दिसतात. डोक्यावर एक काच आहे. तिच्यात वाकून बघितलं की समोरचा माणूस इवलासा दिसतो, पण त्याचा डावा हात उजवीकडं आणि उजवा डावीकडं! पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी हैदराबादेतल्या एका दुकानात काचेमागं बसलो होतो. तेव्हा हैदर नावाचा एक सडपातळ मुलगा औषधं बनवायचं शिक्षण घेत होता. त्याच्याबरोबरचे सगळे नव्या शेरवान्या शिवत होते. हा जुन्याच शेरवानीत दुकानात आला आणि मला घेऊन गेला. पुढं तो तेर गावच्या दवाखान्यात औषधं द्यायला लागला, लोकांचा 'हैदर कंपौंडर' झाला, मग रशिदाचा अब्बा झाला. घरात सगळे अब्बा म्हणतात, म्हणून मीही अब्बाच म्हणतो.

किती बदल बघितले मी! निजामाचं राज्य गेलं. दवाखान्याची उर्दू पाटी जाऊन मराठी आली. मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. अब्बांची शाळा उर्दूत झाली होती, त्यांची लेक मराठीत भाषणं ठोकू लागली. पण रविवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावायचं, मला गळ्यात अडकवायचं आणि तेरणा नदीकडं निघायचं, ही अब्बांची सवय काही बदलली नाही.

अब्बांची आवड जरा न्यारीच होती. पाणी ओसरल्यावर नदीच्या वाळूवर रेघा उमटतात ना, त्यांचे फोटो काढायचे. जुन्या देवळाच्या विटांवर संध्याकाळची तिरपी उन्हं पडली की त्यांचे काढायचे. कुंभाराचं फिरतं चाक, पाण्यात बसलेल्या म्हशीची नुसती शिंगं, असलं काही दिसलं की वाकलेच ते माझ्यावर. लोक हसायचे. "कंपौंडर साहेब, वाळूचा फोटो काढून त्याचं औषध करता का काय?" अब्बाही हसायचे आणि वाळूचाच फोटो काढायचे.

माणसंही बसायची फोटोला. एकदा महारुद्र पैलवान आला. छाती फुगवून, श्वास रोखून उभा राहिला. अब्बा आपले उन्हाचा अंदाज घेत इकडं सरकतायत, तिकडं सरकतायत. पैलवान लाल झाला.

"अहो पैलवान, श्वास घ्या की!"

"आधी तुम्ही फोटो घ्या साहेब! मग मी श्वास घेतो!"

रोल धुवायला अब्बा सोलापूरला पाठवत नसत. घरात धान्याची एक कोठी होती, तिला खिडकी नव्हती. तिथं कंदिलाला लाल कापड गुंडाळायचं, दवाखान्यातल्या तराजूसारख्या चिमुकल्या तराजूवर पावडरी तोलायच्या, तीन थाळ्यांतल्या पाण्यात त्या कालवायच्या की झाली तयारी. कंपौंडरच ते, एक गुंजही इकडची तिकडं होऊ देत नसत. ज्वारीचा आणि फोटो धुवायच्या हायपोचा मिळून जो वास तिथं येई, तो मला अजून फार आवडतो.

एकदा तर धाराशिवच्या शेतीच्या प्रदर्शनात अब्बांचा वाळूचा फोटो टांगला होता. एक शेतकरी त्याच्यापुढं बराच वेळ उभा राहिला. मान हलवून म्हणाला, "नांगरट लई सरळ केलीय गड्यानं!" घरी येईपर्यंत अब्बा बसमध्ये एकटेच हसत होते. त्यांना मिळालेलं ते सगळ्यांत मोठं बक्षीस होतं, असं मला वाटतं.

मग अब्बांना चष्मा लागला. लाल खिडकीतले आकडे त्यांना पुसट दिसू लागले. एका रविवारी ते गेले नाहीत, मग पुढच्याही गेले नाहीत. मी खुंटीवर छत्रीच्या शेजारी लटकत राहिलो, तोही अर्धवट वापरलेला रोल पोटात घेऊन. एका कुंभारीण माशीनं माझ्या डोळ्यापुढंच मातीचं घर बांधलं. मला एका फटीतून जेमतेम दिसायचं, ऐकू मात्र सगळं यायचं. म्हणून तर रशिदाचा प्रश्न मी कान टवकारून ऐकला.

अब्बांनी घास परत ताटात ठेवला.

"बेटा, बाया माझ्यापुढं बसणार कशा? तुझी अम्मासुद्धा लाजून नाही म्हणते. दवाखान्यात येतात तेव्हासुद्धा पडद्याआडून नुसता हात बाहेर काढतात. मी त्यांना मनगटावरून ओळखतो. आणि समज, एखादी बसली. मग रोल धुणार कोण? मीच. छापणार कोण? मीच. परक्या गड्याच्या बोटांतून तिचं तोंड जाणार. कोण तयार होईल?"

दाराआडून शेवंता फिसकन हसली. "मग रशिदानंच काढावा की फोटो! अन् तिनंच धुवावा!"

"हिनं?" अम्मा म्हणाली. "हिला सुईत दोरा ओवायला सांगा आधी."

सगळे हसले. अब्बा तेवढे हसले नाहीत.

शेवंताच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट गल्लीभर झाली, आणि दुपारी मागच्या दारानं सकिनाबी आल्या. सकिनाबी म्हणजे पलीकडच्या बोळात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. त्यांची एकुलती लेक हमिदा लग्न होऊन सासरच्या माणसांबरोबर कराचीला गेली होती. तिकडं आणि इकडं येणं-जाणं आता सोपं राहिलं नव्हतं. हमिदाला तिकडंच मुलगी झाली होती. हमिदाचा दीर गफार इकडं नातेवाइकांना भेटायला आला होता, आणि त्याचा परवाना संपत आला होता.

"परवाच्या बसनं जातो म्हणतो गफार," सकिनाबी अम्माला सांगत होत्या. "हमिदानं निरोप धाडलाय. नात विचारती म्हणं, नानी कशी दिसती? आता तिला काय सांगू? माझा फोटो कुठंच न्हाय. मी परत हमिदाला बघीन असं मला वाटत न्हाय गं. निदान तिच्या पोरीनं तरी मला बघावं." मग त्या रशिदाकडं वळल्या. "पण बेटी, काढायचा तूच. धुवायचा तूच. छापायचा तूच. कुण्या गड्याची नजर पडायला नक्को. हैदरभाईचीबी नक्को. जमंल?"

"जमेल!" रशिदा म्हणाली. कसं जमेल ते तिला ठाऊक नव्हतं, हे मी तिच्या आवाजावरून ओळखलं.

संध्याकाळी अब्बांनी मला खुंटीवरून काढलं. काडेपेटीच्या काडीनं माशीचं घर हळूहळू पोखरलं, मलमलीच्या चिंधीनं माझा डोळा पुसला. मित्रांनो, किती दिवसांनी मी ते घर नीट बघितलं! रशिदा केवढी उंच झाली होती!

तिनं लाल खिडकीतला आकडा वाचला. "दोनच फोटो उरलेत, अब्बा."

"रोल जुना झालाय. उमटेल का, ते मलाही सांगता येत नाही. नवा आणायचा तर सोलापूर गाठावं लागेल. तोवर गफार थांबणार नाही." असं म्हणून त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि तिची बोटं नीट धरून दाखवली. "छातीशी धर. हा खटका ओढलास की डोळा उघडाच राहतो, परत ढकललास की मिटतो. अंधाऱ्या घरात तसंच करावं लागेल. तोवर मला हलू देऊ नकोस."

"तुम्हाला?"

"ह्याला, ह्याला!" अब्बा ओशाळून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा, रशिदा, शेवंता आणि मी सकिनाबींच्या घरी गेलो आणि बघतो तर काय, आत जत्रा भरलेली! गल्लीतली बेगमबी लग्नातलं जरीचं लुगडं नेसून आलेली. शेजारच्या कमलबाईंनी नथ घातलेली. सारजाबाईंनी केसांना इतकं तेल लावलं होतं की त्यातच उजेड दिसत होता. सकिनाबी म्हणाल्या, "एकटी बसायला लाज वाटती, म्हणून बोलावलं."

अंगणात ऊन होतं, पण तिथं कुणी बसेना. शेजारच्या माळवदांवर गडीमाणसं मिरच्या वाळवत होती, वरून सगळं दिसत होतं. आतल्या खोलीत तर अंधार. तेव्हा कमलबाईंनी घरून परात आणवली. कालच कल्हईवाला येऊन गेला होता, आणि परात अशी पांढरीशुभ्र झाली होती की डोळे दिपत होते. शेवंता ती घेऊन अंगणात उन्हात उभी राहिली. दारातून उजेडाचा एक गोळा आत आला आणि भिंतीवर नाचू लागला. बायका लहान पोरींसारख्या चेकाळल्या.

रशिदानं मला जात्यावर ठेवलं, म्हणजे हलायला नको. चौघी समोर बसल्या.

"आता कुणी हलायचं नाही, खाला. मी खटका ओढते."

तिनं खटका ओढला. माझा डोळा उघडला. आणि नेमकं त्याच वेळी बाहेरून आवाज आला, "अहं, अहं!"

कुणीतरी पुरुष दारापाशी येऊन खाकरला होता. आणि मित्रांनो, आमच्याकडं गडीमाणूस घरात पाऊल टाकण्याआधी खाकरतो, आणि तो खाकरला की बाया डोईवरचा पदर पुढं ओढतात. विचार करून नाही, आपोआप. जन्मभराची सवय ती! चारही पदर एकदम खाली आले. माझ्यापुढं चार लुगड्यांचे ढीग तेवढे उरले.

"कोण हाय ते?" कमलबाई पदरातूनच ओरडल्या.

"मी, मी," बाहेरून अब्बांचा आवाज. "आत येत नाही. सूर्यावर ढग येतोय, थोडं थांबा, एवढंच सांगायचं होतं."

"अब्बाऽऽ!" रशिदा रडकुंडीला आली.

अम्मा तरातरा दारात गेली. "तुम्ही नदीवर जा बघू! अन् तिथं पाहिजे तेवढं खाकरा!"

आत बायका हसून हसून लोळायच्या बेतात होत्या. पण रशिदा हसली नाही. तिनं खटका परत ढकलला आणि रोल पुढं सरकवायची चावी फिरवली. लाल खिडकीत शेवटचा आकडा आला. तिनं सगळ्यांकडं बघितलं आणि ती खाली बघायला लागली. आता हिला काय बोलायचंय ते मला कळलं होतं. एका परातीचा उजेड चौघींना पुरत नव्हता. चौघी एका फोटोत बसवल्या तर सगळ्याच अंधारात जाणार होत्या. पण जरीचं लुगडं नेसून आलेल्या बेगमबीला ऊठ म्हणायचं कसं?

"एकच उरलाय," ती हळूच म्हणाली. "अन् उजेड कमी पडतोय."

मग कमलबाईंनी नथ सावरली आणि त्या उठल्या. "ऊठ गं सारजा. आपलं काय, आपण हितंच हावोत. नातीला नानी दिसायची हाय, कमलबाई न्हाय. जा, तुझ्या घरच्या दोन पराती आण."

बेगमबीही उठली. जरीचा पदर खोचून तिनं सकिनाबींच्या चुलीमागची परात ओढून काढली.

ढग सरकला. शेवंता एक परात घेऊन अंगणात, कमलबाई उंबऱ्यात, सारजाबाई कोपऱ्यात, बेगमबी जात्यापाशी. एकीच्या परातीतून दुसरीच्या परातीत ऊन चाललं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत सकिनाबींचा चेहरा उजळत गेला. डोळ्यांच्या कडांच्या बारीक सुरकुत्या, हनुवटीवरचा तीळ, सगळं. मित्रांनो, तेरणेची वाळू मी पुष्कळ बघितली होती. असलं काही मी कधीच बघितलं नव्हतं.

पण सकिनाबी लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या.

"सकिनाबी," परातीमागून कमलबाई म्हणाल्या, "व्याह्याकडं बघितल्यावाणी काय बघायलाव? नात हाय समोर, नात!"

सकिनाबींच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच थांबलं. रशिदानं श्वास सोडला, खटका ओढला, थांबली, आणि परत ढकलला.

ती दुपार मी अब्बांच्या मांडीवर काढली. अब्बा कोठीच्या बंद दाराला पाठ लावून बसले होते, आणि रशिदा आत एकटी.

"पट्टी थाळीत खालीवर कर. सावकाश. पाळणा हलवतात तशी."

"अब्बा, काहीच दिसत नाही!"

"धीर धर."

"अब्बा! काळं यायला लागलं!"

"कुठं काळं?"

"कपाळावर. गालावर."

अब्बांनी डोळे मिटले. "मग उजेड पडलाय, बेटा. रोलवर उजेड काळाच उमटतो. हलवत राहा."

आजवर मी काढलेला प्रत्येक फोटो सगळ्यांत आधी अब्बांनी बघितला होता. त्यांचा हात दाराच्या कडीकडं गेला. कडीला लागला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि माझ्या अंगावर ठेवला. अम्मानं ते बघितलं, आणि चहाची कपबशी त्यांच्या दुसऱ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद छापून, सुकवून रशिदानं फोटो सकिनाबींच्या हातात ठेवला. मी तिच्या गळ्यात होतो, म्हणून मलाही दिसलं. सकिनाबींनी तो दाराच्या उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"नाक बापाचंच राहिलं की गं माझं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसता हसता त्यांना बसावं लागलं. मागं उभ्या असलेल्या कमलबाईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

फोटो त्यांनी एका हिरव्या कापडात ठेवला आणि चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवून टाकला. बसथांब्यावर गफार घाईत होता.

"मला तरी बघू द्या की, अम्मी. मीच नेणार ना?"

"न्यायचं काम तुझं, बघायचं हमिदाचं. एक टाका जरी उसवला तरी तिला कळंल. माझा टाका ती ओळखती!"

गफारनं कानाला हात लावला आणि ती पुरचुंडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. बस धूळ उडवत धाराशिवकडं निघून गेली. सकिनाबी बुरख्याच्या जाळीतून बघत बराच वेळ तिथं उभ्या होत्या.

परत येताना अब्बांनी रशिदाला विचारलं, "डोळे उघडे आलेत ना?"

"उघडे आलेत, अब्बा."

"हललंय कुठं?"

"एक हात जरासा. चेहरा नाही."

"मग चांगला फोटो आहे," अब्बा म्हणाले. न बघता म्हणाले! आणि त्यांनी खिशातून मलमलीची चिंधी काढून चालता चालता माझा डोळा पुसला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू खुंटीला लटकत असेल. ती मोडली आहे असं समजू नका. बहुतेक वेळा तिला नुसतं कुणीतरी हातात घ्यायला हवं असतं. तिच्यावरची धूळ पुसा, कोरड्या जागी ठेवा, आणि घरातल्या थोरल्यांना विचारून जरूर वापरा. आणि माझ्यासारखा एखादा कॅमेरा तुमच्या हाती आलाच, तर ज्यांच्याकडं आजवर कुणीच तो वळवला नाही, त्यांच्याकडं आधी वळवा. मी किती वर्षं वाळूकडं बघत होतो! वाळू सुंदरच होती. पण मागं वळून बघितलं असतं तर घरं होती, घरांत माणसं होती.

त्या संध्याकाळी अब्बा आणि अम्मा ओसरीवर बसले होते. रशिदा मला गळ्यात घालून त्यांच्यासमोर उभी राहिली, भाषणाला उभी राहते तशी.

"अब्बा, अम्मा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "ह्या ईदेला मला कपड्यांचा नवा जोडा नको. त्याच्याऐवजी सोलापूरहून रोल आणा. बेगमबी, कमलकाकू, सारजाकाकू, परात धरायला ज्या उठल्या त्या सगळ्यांचे फोटो मी काढणार. मीच धुणार, मीच छापणार, आणि ते त्यांच्याच हातात देणार. पण सगळ्यांच्या आधी, अम्मा, तू बसायचंस. नाही म्हणू नकोस, मी ऐकणार नाही. आणि अब्बा, तेव्हाही तुम्ही नदीवरच जायचं. पण परत आलात की तो एक फोटो तेवढा मी तुम्हाला दाखवीन."